गजराचा पान्हा

दिवाळीच्या सुट्टीत माणसं कोकणात जातात, केरळात जातात, नाहीतर लेकीकडे जातात. मी कोल्हापुरात एका म्हशीकडे गेले होते. हे सांगितलं की आमच्या अमरावतीच्या कॉलेजातली स्टाफरूम आधी पोट धरून हसते आणि मग विचारते, “मग, मिळालं काय?” मिळालं खूप. आलेख इतके स्वच्छ आलेत की पाठ्यपुस्तकात छापावेत. तरी ते बॅगेतून बाहेर काढायला हात होत नाही. का होत नाही ते सांगायचं तर सगळी दिवाळी सांगावी लागेल.

मी तुलनात्मक प्राणी-शरीरक्रियाशास्त्र शिकवते. नाव भारदस्त आहे, विषय साधा. एकच काम वेगवेगळे प्राणी कसकसं उरकतात ते बघायचं. माझा आवडीचा भाग म्हणजे पान्हा. दूध तयार होणं वेगळं आणि ते सडापर्यंत उतरणं वेगळं. मेंदूला निरोप पोचतो, मेंदू रक्तात एक संप्रेरक सोडतो, तेव्हा कुठे दूध खाली येतं. डुकरीण पिलांना पाजताना स्वतःच हुंकार देऊन सांगते की आता येतंय. सशीण दिवसातून एकदा पिलांकडे फिरकते आणि झटपट काम आटोपून निघून जाते. गाईच्या कासेत थोडं दूध खाली साठलेलं असतं, त्यामुळे तिची मर्जी नसली तरी तांब्याभर निघतं. म्हशीचं तसं नाही. तिचं जवळजवळ सगळं दूध वरच अडकलेलं असतं. तिच्या मनात आलं तर बादली, नाही आलं तर कोरडे सड. म्हशीनं पान्हा चोरला की भल्याभल्या गवळ्याचं काही चालत नाही.

प्रज्ञा ही माझी जुनी विद्यार्थिनी. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं अमरावतीत होती, तेव्हा माझ्याकडे एम.एस्सी. केलं. आता गारगोटीच्या एका कॉलेजात माझाच विषय शिकवते आणि कोल्हापुरात राहते. तिचा फोन आला.

“मॅडम, आमच्या गल्लीच्या मागं एक म्हैस हाय. फोनवर पान्हा सोडती.”

“फोनवर?”

“म्हंजे फोनमधल्या आवाजावर. मालकाचा आवाज लावला की सोडती, न्हाईतर थेंब देत न्हाई. येताय काय बघायला?”

त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं. नवरा म्हणाला, “दिवाळीत?” मी म्हटलं, म्हशीला दिवाळीची सुट्टी नसते. तसंही फराळाचं सगळं करून ठेवलं होतं.

वसुबारस

कोल्हापुरात उतरल्यावर पहिला धक्का बसतो तो बायकांच्या बोलण्याचा. प्रज्ञा स्टँडवर घ्यायला आली आणि म्हणाली, “मी मघाच आलो मॅडम, चहा पण घेतला.” अमरावतीत होती तेव्हा ही पोरगी जपून ‘आले, गेले’ म्हणायची. इथल्या हवेत आल्यावर ‘आलो, गेलो’ झालं. मला ते फार आवडलं. दोन दिवसांत माझ्याही तोंडून एकदा “मी जेवलो” निघालं आणि प्रज्ञाची सासू खूश झाली.

प्रज्ञाचं घर बौद्ध. दिवाळीची पूजाअर्चा नाही, पण चिवड्याचा डबा भरलेला, आणि बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं. चहा घेऊन आम्ही मागच्या गल्लीत गेलो.

आनंदा आण्णांचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या, मध्ये फरसबंदी अंगण, मागे लांबलचक गोठा. गोठ्यात सहा दावणी आणि त्यातली एकच भरलेली. तिथे गजरा उभी होती. पंढरपुरी जातीची, पाठीवरून मागे तलवारीसारखी गेलेली शिंगं, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका. वसुबारस असल्यामुळे आण्णांच्या बायकोनं, शालनवहिनींनी, तिला कुंकू लावलं होतं. आमच्याकडे या दिवशी गाय-वासराची पूजा होते. इथे वासराच्या जागी काही नव्हतं. गजराचं रेडकू जन्मल्याबरोबर गेलं होतं.

आण्णा अंगणात लोखंडी खुर्चीवर बसले होते. साठीच्या आसपासचा उंचापुरा माणूस, गळ्याला मलमलचं फडकं गुंडाळलेलं. आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा मावा खाल्ला, त्याचं गाठोडं घशात बसलं. गेल्या उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, आता श्वास गळ्याच्या भोकातून. त्यांनी मला हात जोडले आणि तोंड हलवलं. आवाज आला नाही, फक्त फडक्याखालून शीळ घातल्यासारखी हवा गेली.

“या म्हनत्यात,” वहिनी म्हणाल्या. “बसा म्हनत्यात. पेठेत ह्यांच्या आवाजाला तोड नव्हती बगा. रंकाळ्याच्या काठाला उभं ऱ्हाऊन हाळी दिली की म्हशी हिकडं गोठ्यात कान टवकारायच्या.”

बाकीच्या पाच म्हशी आजारपणात विकल्या गेल्या. गजराही विकली होती. गडहिंग्लजच्या मल्लाप्पा नावाच्या व्यापाऱ्यानं नेली आणि आठवडा व्हायच्या आत परत आणून बांधली. दूधच देईना. आण्णा धार काढताना सतत तिच्याशी बोलायचे, तिला हाळी द्यायचे. त्या आवाजाशिवाय पान्हा कसा सोडायचा हे तिला ठाऊकच नव्हतं. वहिनींच्या हातालाही ती दाद देईना. शेवटी वहिनींनाच सुचलं. मागच्या पाडव्याला पुतण्यानं काढलेला एक व्हिडिओ फोनमध्ये होता. त्यात आण्णा गजराला हाका मारत होते. वहिनींनी फोन खुंटीला टांगला, तो व्हिडिओ लावला, खाली बसल्या आणि दूध आलं.

“मल्लाप्पा म्हनला, तो आवाज बी द्या, मी नेतो म्हैस,” वहिनी सांगत होत्या. “ह्यांनी हातानंच न्हाई म्हणून सांगितलं. म्हैस ने, आवाज मिळायचा न्हाई. म्हणून ऱ्हायली बगा ही. मला इचाराल तर मी उद्या देईन. शेण काढून कंबर गेली माजी. पर ह्यांचा जीव हाय तिच्यात. दुसऱ्याला धार देत न्हाई, तेवढ्यावर टिकलीया.”

हे सगळं मी कानांनी ऐकलं. डोकं मात्र प्रयोगाची आखणी करण्यात गुंतलं होतं.

संध्याकाळी पहिल्यांदा बघितलं. वहिनींनी फोन लावला. “हियोऽऽ गजराऽऽ, ये गंऽऽ ये माज्या बायेऽऽ,” असा भरदार, लांबवलेला आवाज गोठ्यात घुमला, मागे मोटारसायकलींचा गोंगाट. गजरानं रवंथ थांबवला, कान मागे घेतले आणि थोड्याच वेळात सुरकुतलेले सड टवटवीत होऊन भरले. मी हात लावून बघितलं. तीस वर्षं जे फळ्यावर काढत आले ते माझ्या बोटांना लागत होतं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आण्णा बाहेर अंगणातच होते. गळ्याचं भोक उघडं असल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना भुसा, धूळ, शेण यांच्या जवळ जायला सक्त मनाई केली होती. ऑपरेशनपासून ते गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

धनत्रयोदशी

सकाळी गारगोटीला गेलो, प्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणि काही किरकोळ सामान आणायला. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आणि कापणीला आलेला भात. आमच्याकडे या दिवसांत डोळ्यांना कापसाची सवय, त्यामुळे इतकं हिरवं बघून मला उगीचच कुणाच्या तरी लग्नात आल्यासारखं वाटत होतं.

कॉलेज सुट्टीमुळे बंद होतं. प्रज्ञानं कुलूप उघडून संगणक दाखवला. आता बेडूक कापायचे नाहीत, त्यामुळे मुलं पडद्यावरच्या बेडकाचं हृदय बघतात. बटण दाबलं की औषध, बटण दाबलं की ठोके वाढतात.

“कितीबी वेळा करा मॅडम, तेच उत्तर,” ती म्हणाली. “खऱ्या बेडकाचं तसं नव्हतं. दुसऱ्या वेळी तो पहिला बेडूक ऱ्हायचाच न्हाई.”

मी म्हटलं, “वाक्य चांगलं आहे, वर्गात वापर.” आणि पुढे गेले. शिक्षकाला विद्यार्थ्याचं चांगलं वाक्य ऐकून आनंद होतो, ते वाक्य आपल्याला लागू आहे हे काही लक्षात येत नाही.

परतताना बसमध्ये आखणी पक्की केली. अमरावतीत मुलं मला मागून ‘कंट्रोल मॅडम’ म्हणतात, कारण कुठलाही प्रयोग दाखवला की माझा पहिला प्रश्न असतो, “कंट्रोल कुठाय?” म्हणजे ज्याचा परिणाम बघायचा ते सोडून बाकी सगळं तसंच ठेवून केलेली तुलना. इथेही ती हवीच होती. गजरा आवाजाला दाद देते, की धारेची वेळ, बादली आणि पेंडेचा वास या सगळ्याला मिळून देते? वेगळं केल्याशिवाय कसं कळणार? म्हणून दिवसातून काही वेळा, अधल्यामधल्या वेळी, नुसता आवाज लावायचा. बादली नाही, पेंड नाही, धार नाही. आणि धारेच्या वेळी वहिनींनी पेंड ठेवून, कास धुऊन, आवाज न लावता बसायचं.

प्रज्ञानं विचारलं, “मॅडम, नुसता आवाज लावायचा आन् धार काढायचीच न्हाई? तिला काय वाटंल?”

“तिला काय वाटतं तेच तर मोजायचंय,” मी म्हटलं. प्रज्ञा हसली. मीच शिकवलेली मुलगी, वहीत रकाने आखायला लागली.

संध्याकाळी तिनं मला दुधाच्या कट्ट्यावर नेलं. हा प्रकार मी दुसरीकडे कुठे बघितलेला नाही. गवळी भर चौकात म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकाच्या पुढ्यात, सांगाल तेवढी, थेट पेल्यात धार काढतात. पेल्याच्या वर फेसाचा डोंगर. तालमीतले पैलवान, नोकरदार, नातवंडं घेऊन आलेले आजोबा, सगळे उभ्यानं पितात. मी वर्गात कच्च्या दुधातून होणाऱ्या रोगांवर एक पूर्ण तास घेते. तो तास आठवत आठवत पेला रिकामा केला. कोमट, दाट, किंचित गोड. नाकाला फेस लागला. शेजारचे एक पैलवान म्हणाले, “पावणं नवीन दिसत्यात. आजून एक द्या त्यास्नी.” दुसराही प्यायले आणि रात्रभर पोट धरून बसले.

आण्णा आमच्या बरोबर आले होते. याच चौकात त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. जो तो लांबून ओरडायचा, “काय आण्णा!” आणि आण्णांनी नुसता हात वर केला की समोरच्याचा चेहरा उतरायचा. दोघं-तिघं बोलायला आले आणि काय बोलावं न कळून परत गेले. आमच्याकडे माणूस आजारी असला की लोक हळू बोलतात. इथे लोक आण्णांशी आणखी मोठ्यानं बोलत होते, जणू त्यांचे कान गेले होते. आण्णा हसत होते. मला तिथून निघावंसं वाटलं.

नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन

दोन दिवस आम्ही गोठ्यातच होतो. पहाटे अभ्यंगस्नानाचे फटाके वाजत असताना मी म्हशीच्या मागे थर्मामीटर घेऊन उभी होते. वहिनींना सगळ्याची गंमत वाटत होती. मध्येच फराळाचं ताट यायचं. इथली चकली तिखट, करंजी दिलदार. “खावा की वो, मोजत काय बसलाय,” असा आग्रह.

नुसता आवाज लावला की पहिल्या एक-दोन वेळा गजराचे सड भरले. तिनं मान वळवून वहिनींना शोधलं. वहिनी नव्हत्या. थोड्या वेळानं सड पुन्हा मऊ पडले. पुढच्या वेळी कमी भरले, त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी. इकडे आवाजाशिवाय धार काढायला वहिनी बसल्या तेव्हा पहिल्यांदा गजरानं पार ताटकळत ठेवलं. कास तट्ट फुगलेली आणि सड कोरडे. वहिनी घामाघूम झाल्या. पण पुढच्या वेळी थोडं लवकर आलं, मग आणखी लवकर. एक रेघ खाली जात होती आणि दुसरी वर चढत होती. त्या कुठे एकमेकींना छेदतील हे मला आधीच दिसत होतं. मी इतकी खुशीत होते की प्रज्ञाला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण दिलं आणि आमच्या वऱ्हाडातलं झणझणीत यापुढे बाळबोध आहे हे लेखी कबूल करायची तयारी दाखवली.

आण्णांकडे माझं लक्ष नव्हतं असं नाही. आवाज लागला की ते उठून बाहेर रस्त्यावर जात. मला वाटलं, स्वतःचा गेलेला आवाज ऐकवत नसेल. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मात्र ते गेले नाहीत. उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. मी फोन लावला. “हियोऽऽ गजराऽऽ.” गजरा पेंडेच्या रिकाम्या पाटीत तोंड घालून उभी होती. कान हलला नाही. मी सडांना हात लावला, काही नाही. पुन्हा लावला. काही नाही.

आण्णांनी पुढे हात करून फोन मागितला. मी म्हटलं, “शेवटचं एकदा, आण्णा.” आणि आणखी एकदा लावला. या ‘शेवटचं एकदा’ची मला आता लाज वाटते.

त्या संध्याकाळी वहिनी आवाजाशिवाय बसल्या आणि गजरानं बसल्याबरोबर पान्हा सोडला. मी त्यांना समजावून सांगितलं की आवाज आला की धार नसते आणि धार असते तेव्हा आवाज नसतो, हे ती शिकली. वहिनी एका क्षणात समजल्या, माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा लवकर.

“म्हंजे आता ह्यांचा आवाज नको तिला?”

“नको.”

“मग कुनालाबी देईल?”

यावर मी “बहुधा” म्हटलं.  वसुबारसेला अंगणात ऐकलेलं ‘तेवढ्यावर टिकलीया’ मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

पाडवा

आमच्याकडे पाडव्याला गुरं राखणारे गोवारी गायी खेळवतात, ढोलकीवर नाचतात. कोल्हापुरात मोटारसायकलीच्या मागे म्हशी पळवतात. सकाळपासून म्हशींची अंघोळ, अंगावर केस भादरून काढलेली नक्षी, रंगवलेली शिंगं, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्या आणि घुंगरं. मालक गाडीचा सायलेन्सर काढतो, कानठळ्या बसवत निघतो, हाळी देतो आणि म्हैस गर्दीतून बरोबर आपल्या मालकाच्या मागे धावते. दावं नाही, काठी नाही. एवढं जड, संथ जनावर असं उधळलेलं मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

आण्णांनी ऐकलं नाही. गळ्याला ओलं फडकं बांधून ते गाडीवर बसले, मागे वहिनी, आणि वहिनींच्या पदरात प्रज्ञाचा ब्लूटूथ स्पीकर. माळावर ही गर्दी. लोकांनी वाट करून दिली. “आण्णा आलं, आण्णा आलं!” मी वहिनींना हळूच म्हटलं, नका लावू. त्या म्हणाल्या, “मी सांगितलं. ऐकत्यात व्हय?”

आण्णांनी गाडी दामटली. स्पीकर लागला. मागच्या पाडव्याचा आवाज या पाडव्याच्या माळावर घुमला. गजरा सजून उभी होती, पाठीवर तिचं नाव कोरलेलं. तिनं मान वर केली, गोंगाटाकडे बघितलं आणि बाजूच्या गवताला तोंड लावलं. आण्णा पुढे जाऊन वळले, पुन्हा आले, पुन्हा गेले. कुणीतरी ओरडलं, “म्हैस बदलली की काय वो!” हशा झाला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, सण होता. तिसऱ्या वेळी आण्णांनी गाडी बंद केली आणि स्पीकरही बंद केला.

गर्दीत मल्लाप्पा होता. तो गजराभोवती फिरला, कास बघितली, कुणाची तरी बादली मागून घेतली. “अक्का, बघू काय जरा?” वहिनींनी आण्णांकडे बघितलं. आण्णा गाडीची किल्ली हातात फिरवत होते. मल्लाप्पा खाली बसला आणि सगळ्यांच्या देखत गजरानं त्याच्या हाताला पान्हा सोडला.

“आता सोडती की!” तो खूश होऊन म्हणाला. “काय जादू केलासा?”

प्रज्ञा माझ्याकडे बघत नव्हती.

भाऊबीज

सौदा माळावरच ठरला होता. सकाळी मी आण्णांच्या खुर्चीसमोर पाटावर बसले आणि जे माहीत होतं ते सांगितलं. मोडलेली सवय पुन्हा लावता येते. पहिल्यापेक्षा लवकर लागते. महिनाभर प्रत्येक धारेला आवाज लावायचा आणि धार काढायचीच, एकदाही चुकवायची नाही, मग ती पुन्हा त्या आवाजाला दाद देईल. “मी थांबते,” असंही म्हटलं, जे खरं नव्हतं, सोमवारपासून कॉलेज होतं.

आण्णांनी हात हलवून काही खुणा केल्या. वहिनींनी पाणावल्या डोळ्यांनी सांगितलं, “म्हनत्यात, तिनं इसारलंय, आता पुन्हा कशाला आठवन द्यायची. तिकडं दूध देईल, मार तरी खायाची न्हाई.”

मग वहिनींनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “मॅडम, वाईट वाटून घिऊ नगासा. माजी कंबर सुटली तुमच्यामुळं. खरं सांगतो.” त्या खरंच बोलत होत्या. तो खण मी घेऊन आले आहे, अजून शिवायला टाकलेला नाही.

मल्लाप्पाचा टेंपो आला. बाजाराच्या रिवाजाप्रमाणे सकाळची धार काढलेली नव्हती, कास भरलेली दिसावी म्हणून. गजराला फळी लावून वर चढवलं, फाळका बंद केला. ती शांत उभी होती. सड कोरडे होते. मी बघितले, सवयीनंच.

तेव्हा आण्णा उठले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून फाळक्यावर पाय देऊन वर चढले, भुशातून तिच्या जवळ गेले आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. काही बोलले नाहीत, बोलणार कशानं? गळ्यातून हवा ये-जा करत होती, तेवढीच. गजरानं रवंथ थांबवला. कान मागे घेतले.

आणि तिच्या सडांतून दूध गळायला लागलं. म्हशीचे सड घट्ट असतात, असं आपोआप गळत नाही. कास तर पहाटेपासून भरलेली होती आणि थेंब पडला नव्हता. मी आवाज तपासला, हात तपासला, पेंड तपासली, वेळ तपासली. आण्णांना एकदाही तिच्या शेजारी उभं करून बघितलं नाही, कारण त्यांना आवाज नव्हता.

“बघा, बघा, कशी भरलीया!” मल्लाप्पा म्हणाला. “लई दुधाची हाय.”

वहिनी टेंपोपुढे फोडलेल्या नारळाच्या शेंड्या गोळा करत होत्या, त्यांनी बघितलं नाही. प्रज्ञानं बघितलं आणि माझा दंड घट्ट धरला. आण्णांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे. मला बोलायला हवं होतं. मी बोलले असते तर व्यवहार मोडला असता, वहिनींची कंबर पुन्हा शेणात गेली असती, आण्णांना ज्या भुशात जायची मनाई होती त्यात रोज दोनदा बसावं लागलं असतं. हे सगळं मी नंतर बसमध्ये जुळवलं. त्या वेळी मी नुसती गप्प राहिले.

आण्णा खाली उतरले. हाताच्या तळव्यानं टेंपोचा पत्रा दोनदा थोपटला, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी टेंपो वळला तेव्हाही फाळक्याच्या फटीतून दूध रस्त्यावर पडत होतं.